चिखलदऱ्याचा सूर्य आणि दिब्रुगडचे घड्याळ

डिसेंबरच्या २१ तारखेला आसामातील दिब्रुगड येथे सूर्य चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मावळतो. त्याच दिवशी अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला सूर्यास्त होतो तेव्हा पावणेसहा वाजत आलेले असतात. पाच वाजल्याचे दोन्हीकडची घड्याळे एकाच क्षणी सांगतात. पण त्या क्षणी दिब्रुगडला दिवेलागण उलटून गेलेली असते आणि चिखलदऱ्याच्या पठारावरची गुरे अजून परतीच्या वाटेला लागायची असतात. जूनमध्ये हाच प्रकार सकाळच्या बाजूने घडतो. दिब्रुगडला सव्वाचार वाजता सूर्य उगवतो, चिखलदऱ्याला पाच वाजून चाळीस मिनिटांच्या आसपास. सरकारी कचेरी दहा वाजता उघडते असे धरले, तर आसामातील माणसाच्या वाट्याला तोवर पावणेसहा तासांचा उजेड येऊन गेलेला असतो.

ही दोन्ही ठिकाणे सरळ रेषेत सुमारे एकोणीसशे किलोमीटर अंतरावर आहेत. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. चिखलदरा ७७ अंश २० मिनिटांच्या रेखांशावर, तर दिब्रुगड ९५ अंशांच्या किंचित अलीकडे. म्हणजे दोन्ही ठिकाणच्या मध्यान्हात सत्तर मिनिटांचे अंतर पडते. उरलेला फरक अक्षांशाचा. दिब्रुगड बरेच उत्तरेला असल्याने तेथील हिवाळी दिवस अधिक आखूड आणि उन्हाळी दिवस अधिक लांब असतो. भारतीय प्रमाणवेळ मोजली जाते ती ८२ अंश ३० मिनिटांच्या, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावरून. त्या हिशेबाने चिखलदऱ्याला सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून एकवीस मिनिटे झालेली असतात; दिब्रुगडला मात्र अकरा वाजून दहा मिनिटांनीच मध्यान्ह होते. शेजारचा बांगलादेश आसामच्या पश्चिमेला असूनही त्याचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. आसामातून सूर्याच्या मागोमाग मावळतीकडे जावे आणि सीमा ओलांडताच घड्याळ पुढे सारावे लागावे, असा हा उलटा व्यवहार आहे.

आसामातील चहाच्या मळ्यांनी या विसंगतीवर फार पूर्वीच आपल्यापुरता तोडगा काढला. मळ्यातील घड्याळ प्रमाणवेळेपेक्षा एक तास पुढे ठेवायचे. तिला तिकडे 'बागान वेळ' म्हणतात. ब्रिटिश मळेवाल्यांनी ती सुरू केली आणि स्वातंत्र्यानंतरही ती टिकली. १९५१ च्या मळे कामगार कायद्यात, जेथे प्रमाणवेळ सामान्यतः पाळली जात नाही अशा क्षेत्रासाठी राज्य सरकारने वेगळे नियम करावेत, अशी सोय ठेवलेली होती. मळ्यात चार वाजले की शहरात तीनच वाजलेले असतात. एकाच मजुराच्या दिवसात दोन वेळा नांदतात. भोंगा एका वेळेचा, बँक आणि टपाल कचेरी दुसऱ्या वेळेची.

आता या बागान वेळेने दिब्रुगडचा दिवस पुन्हा मोजून पाहावा. डिसेंबरमधील सूर्योदय मळ्याच्या घड्याळात सहा वाजून पंचावन्न मिनिटांच्या सुमारास येतो. चिखलदऱ्याचा सूर्योदय प्रमाणवेळेने जवळजवळ त्याच मिनिटाला होतो. जूनमधील सूर्यास्तही दोन्हीकडे सातच्या पुढे काही मिनिटांनी. तात्पर्य, मळ्यातील माणसाला जे घड्याळ मुद्दाम एक तास पुढे सारून मिळवावे लागले, ते चिखलदऱ्याच्या माणसाला नकाशावरील जागेमुळे न मागता मिळाले आहे. बागान वेळ हा आसामी हट्ट आहे असे दिल्लीतील कित्येकांना वाटते. मेळघाटातून पाहिले तर तो हट्ट वाटत नाही.

या दोन मुलुखांत आणखीही एक नाते आहे. मळ्यांत राबणाऱ्यांच्या पूर्वजांना एकोणिसाव्या शतकापासून छोटा नागपूर आणि संथाळ परगणा या भागांतून आणण्यात आले. त्यांत मुंडा, संथाळ, उराँव असे समाज होते. मेळघाटातील कोरकूंची भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या कुळातील नसून मुंडारी आणि संथाळी यांच्या कुळातील आहे. भाषेच्या दृष्टीने दूरचे भाऊबंद असलेले दोन समाज, एक जंगलात राहिला आणि एक मळ्यात नेला गेला. आसामात चहाचे झुडूप इंग्रजांच्या नजरेस आले ते १८२३ साली, आणि हैदराबादच्या फौजेतील एका इंग्रज कॅप्टनने चिखलदऱ्याची जागा हेरली तीही त्याच वर्षी. तो योगायोगच. पण त्यानंतर एकीकडे भोंगा आला आणि दुसरीकडे वनखाते.

घड्याळ कोणी लावायचे हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती. नव्या घड्याळाप्रमाणे गिरणीचा भोंगा ठरल्या आकड्यावरच व्हायचा, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने एकोणचाळीस मिनिटे आधी. त्याच महिन्यात मुंबईच्या गिरणी कामगारांनी काम टाकून दंगा केला. शहरातील प्रतिष्ठितांनीही सभा भरवल्या, अर्ज केले. महापालिकेने आपल्या घड्याळांत जुनी वेळच ठेवली आणि 'मुंबई टाइम' पन्नाशीच्या दशकापर्यंत तग धरून राहिला. कलकत्त्याची वेळ १९४८ पर्यंत चालली. सरकारी वेळ म्हणजे परक्यांची वेळ अशी भावना त्यात होती, पण कामगारांचे गाऱ्हाणे अधिक साधे होते. अंधारात उठावे लागत होते.

वऱ्हाडात मात्र असा गदारोळ उठल्याची आठवण कोणी सांगत नाही. त्याचे कारण कदाचित हे की येथे घड्याळ आले तेच आगगाडीबरोबर. नागपूरपर्यंत लोहमार्ग पोचला १८६७ मध्ये आणि त्या काळी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे. बडनेऱ्याच्या फलाटावरील वेळ अमरावतीच्या सूर्यापेक्षा दहा मिनिटे पुढे. दहा मिनिटांसाठी कोण भांडतो? शिवाय गाडी चुकण्याची भीती सोडली तर उरलेला व्यवहार झुंजुरका, न्याहारी, दिवस माथ्यावर येणे, गोरज आणि दिवेलागण अशाच मापांनी चाले. (मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी आणि आता बंद पडलेली 'शकुंतला' तर कोणत्याच प्रमाणवेळेला फारशी बांधील नव्हती, असे तिच्यातून प्रवास केलेले लोक म्हणतात.) दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात सरकारने देशभर घड्याळे एक तास पुढे केली होती. त्या तीन हिवाळ्यांत जानेवारीचा सूर्य चिखलदऱ्याला आठ वाजल्यानंतर उगवत असला पाहिजे.

आज हा विषय पुन्हा निघण्याचे कारण वेगळे आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२५ मध्ये भारतीय प्रमाणवेळेसंबंधीच्या नियमांचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. कायदेशीर, प्रशासकीय, व्यापारी आणि आर्थिक व्यवहारांत प्रमाणवेळेखेरीज दुसरी कोणतीही वेळ वापरू नये, असा त्याचा रोख आहे. बँकांचे व्यवहार, दूरसंचार, वीजवाहिन्यांचे जाळे यांना एका सेकंदाच्या अंशापर्यंत एकसूत्री वेळ हवी, हे खरेच आहे. परंतु 'दुसरी वेळ नको' या वाक्याच्या कक्षेत मळ्यांची वेळही सापडू शकते, आणि मसुदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे संगणक असला तरी आघात भोंग्यावर होऊ शकतो.

दोन वेळांच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ युक्तिवाद झालेले आहेत. २००४ मध्ये संसदेपुढे आलेल्या समितीच्या निष्कर्षात बदलाची शिफारस नव्हती. जानेवारी २०१४ मध्ये आसामचे तत्कालीन मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी बागान वेळ साऱ्या राज्याला लावण्याचा मनोदय जाहीर केला. तो जाहीरच राहिला. मार्च २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने स्वतंत्र वेळेची याचिका फेटाळली आणि तीनच महिन्यांनी अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी तीच मागणी केली. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ८९ अंश ५२ मिनिटांच्या रेखांशापलीकडे घड्याळ एक तास पुढे न्यावे, अशी योजना मांडली. ही सीमा बंगाल आणि आसामच्या अरुंद सांध्यातून जात असल्याने रेल्वेला मोजक्या स्थानकांवरच वेळ बदलावी लागेल, असे त्यांचे म्हणणे. रेल्वेच्या अपघातांची भीती हा विरोधकांचा जुना मुद्दा असल्याने हे उत्तर महत्त्वाचे होते.

त्याआधी बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील अभ्यासकांनी आणखी सोपा उपाय सुचवला होता. देश एकाच वेळेत ठेवावा, मात्र ती अर्धा तास पुढे न्यावी. संध्याकाळी दिवे उशिरा लागतील आणि वर्षाला दोन अब्ज युनिटांहून अधिक वीज वाचेल, असा त्यांचा हिशेब. हिशेबात चूक नसेल. पण वाचणारी वीज कोठली? जेथे संध्याकाळी दिव्यांचा लखलखाट असतो तेथली, म्हणजे प्रामुख्याने शहरांतली. मेळघाटात वीज उशिरा आली आणि आजही अधूनमधून येते. तेथे या उपायाचा अर्थ एवढाच की जानेवारीत सूर्योदय साडेसातच्याही पुढे जाईल आणि कडाक्याच्या थंडीत मुले अंधारात शाळेची वाट धरतील. बचत एकाची आणि हुडहुडी दुसऱ्याची, असा हा ताळेबंद होतो.

याच्या नेमका उलट निष्कर्ष मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाच्या २०१९ च्या सुमारास चर्चेत आलेल्या अभ्यासातून निघतो. सूर्यास्त उशिरा होतो तेथे मुले उशिरा झोपतात; शाळा मात्र घड्याळाच्या ठरल्या ठोक्यालाच भरते; त्यामुळे झोप तुटते आणि शिक्षण मागे पडते. वार्षिक सरासरी सूर्यास्त एक तास उशिरा असेल तर शिक्षणात सुमारे ०.८ वर्षाची घट दिसते, असे त्याने मांडले. झोपेची ही तूट गरीब घरांत अधिक. एका खोलीत सारे कुटुंब, डासांचा उपद्रव, उकाडा. लवकर झोपा असे मुलाला सांगून भागत नाही. या अभ्यासाप्रमाणे तोटा आहे तो पश्चिमेकडील मुलांचा, आणि त्यासाठी पश्चिमेचे घड्याळ अर्धा तास मागे व पूर्वेचे अर्धा तास पुढे न्यावे, असा पर्याय सुचतो. आसामच्या अंधाराची चर्चा वृत्तपत्रांत वारंवार होते, पश्चिमेच्या झोपेची क्वचितच. तथापि हा अभ्यास सरासरीचा आहे. चिखलदरा प्रमाणरेषेपासून अवघी एकवीस मिनिटे पश्चिमेला असल्याने येथे हा तोटा गुजरातच्या टोकाइतका नसणार, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

आणि मुळात, एकवीस मिनिटे हा मेळघाटाचा प्रश्नच नव्हे. सातपुड्याच्या या भागात गाव दरीत असेल तर सूर्य डोंगराआडून वर येण्यासच त्याहून अधिक वेळ घेतो. पावसाळ्यात चिखलदऱ्यावर धुके उतरले की दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. ज्या पठारावर गवळ्यांची वस्ती म्हणून किल्ल्याला गाविलगड हे नाव पडले असे मानतात, तेथील गवळी पहाट फुटण्याआधी म्हशींच्या धारा काढतो, कारण दूध आणि खवा खाली परतवाड्याकडे जायचा असतो. त्याचा दिवस म्हशीने ठरवलेला आहे.

कोरकूंचा दिवसही असाच कोणीतरी ठरवलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. फुले रात्री उशिरापासून गळू लागतात आणि सकाळी उन्हाआधी, जनावरांनी खाण्याआधी वेचावी लागतात. हे काम घरातील सर्वांचे असते. आई, आजी आणि शाळेतले पोरही टोपली घेऊन झाडाखाली. दोन-अडीच तासांच्या त्या वेचणीवर घरातील रोकड अवलंबून असते, आणि मोह वर्षातून एकदाच येतो. नेमक्या याच दिवसांत शाळा 'सकाळची' होते. मार्च २०२५ मध्ये राज्याने उन्हाळ्याच्या कारणास्तव सर्व शाळांना सकाळच्या सत्राची एकच वेळ लावून दिली. सात वाजता शाळा. उन्हाचा विचार त्यात आहे आणि तो योग्यही आहे. पण सिंधुदुर्गाला, अमरावतीला आणि गडचिरोलीला एकच वेळ लावताना सूर्योदयातील पाव-अर्ध्या तासाचा फरक तर सुटलाच, त्याहीपेक्षा मोहाचे झाड सुटले. मेळघाटातील शिक्षक त्या दिवसांत हजेरीपट घेऊन बसतो तेव्हा गैरहजर मुले कोठे आहेत हे त्याला ठाऊक असते. गैरहजेरीचे कारण लिहिण्यासाठी हजेरीपटात रकाना नसतो, एवढेच.

वर्षाचे घड्याळ तर याहून अधिक बिघडलेले आहे. दिवाळीनंतर मेळघाटातील पुष्कळ कुटुंबे कामासाठी खाली मैदानात किंवा मध्य प्रदेशात उतरतात. होळीला परततात, कारण होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. पाच दिवस फगव्याचे. नंतर बरेच जण पुन्हा जातात ते पावसापर्यंत. शाळेचे दुसरे सत्र दिवाळीनंतर सुरू होते, म्हणजे कुटुंब निघते त्या दिवसांत. राज्याचे शैक्षणिक वर्ष ज्या पुण्या-मुंबईच्या दिनदर्शिकेवर आखले जाते तिच्यात स्थलांतराचा महिना नाही. आसामच्या मळ्यात निदान मूल आईबापाच्या वस्तीवर तरी असते. मेळघाटात बाप एका तालुक्यात, शाळा दुसऱ्या तालुक्यात.

रोजगार हमीची कहाणी याच अंगाने पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात ही कल्पना रुजवली, नंतर देशाने ती घेतली. मेळघाटातील हजारो हातांना या कामाचा आधार राहिला. जानेवारी २०२३ पासून कामावरील हजेरी भ्रमणध्वनीवर, वेळेच्या शिक्क्यासह आणि दिवसातून दोनदा छायाचित्र काढून नोंदवण्याची सक्ती झाली. बोगस हजेरीला आळा बसावा हा हेतू चांगला होता. परंतु मजुरी कामाच्या मापावर मिळते, तासांवर नव्हे. एप्रिल-मेमध्ये पहाटे मातीला हात घालून दहा-अकरापर्यंत माप पुरे करणारा मजूर दुसऱ्या छायाचित्रासाठी दुपारच्या उन्हात थांबून राहणार किंवा दोन कोस चालून परत येणार. आणि मोबाइलची तार दरीत पोचतच नसेल तर कामाला येऊनही आलाच नाही असे ठरणार. मळेवाल्याने भोंगा लावला तेव्हा निदान सूर्य पाहून लावला होता.

शाळांच्या बाबतीत राज्याला वेळ बदलता येत नाही, असे कोणी म्हणू नये. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा मांडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश निघाला. शहरांतील पालकांनी उशिरा झोपणाऱ्या मुलांसाठी हे हवेच होते म्हणून त्याचे स्वागत केले. रिक्षावाले, नोकरी करणाऱ्या आया आणि दोन पाळ्यांच्या शाळा यांची तारांबळ उडाली ती वेगळीच. मुद्दा असा की शहरातील मुलाच्या झोपेसाठी दोन महिन्यांत घड्याळ हलू शकले.

मेळघाटासाठी तर नवा कायदाही लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये दिली आहेत. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे हे त्यांपैकी एक, आणि शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणे हे दुसरे. स्थानिक प्राधिकरण म्हणजे येथे अमरावतीची जिल्हा परिषद. धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत मोहाच्या पंधरवड्यात शाळा एक-दीड तास उशिरा भरवणे, होळीच्या सुटीचे दिवस वाढवून ते दुसऱ्या सुटीतून वळते करणे, स्थलांतराच्या महिन्यांत गावातच मुले राहतील अशी वसतिगृहाची सोय दिवाळीच्या आत सुरू करणे, यांसाठी रेखांश बदलावा लागत नाही आणि संसदेत विधेयकही आणावे लागत नाही. त्यासाठी मुंबईहून येणाऱ्या परिपत्रकात 'स्थानिक परिस्थितीनुसार' हे शब्द केवळ शोभेला नसून त्यांचा वापर करणाऱ्या मुख्याध्यापकाकडून नंतर खुलासा मागितला जाणार नाही, याची हमी हवी.

दिब्रुगडच्या मळ्यात शतकाहून अधिक काळ व्यवस्थापकाने आपल्या सोयीने घड्याळ लावले. त्याने कोणाला विचारले नाही आणि त्याला कोणी खुलासाही मागितला नाही. मेळघाटातील मुख्याध्यापकाला कायद्याने जे दिले आहे ते मागण्यासाठी पंचायत समितीतून जिल्हा परिषदेकडे आणि तेथून पुण्याच्या शिक्षण संचालनालयाकडे कागद धाडावा लागतो. तो परत येईपर्यंत मोह गळून संपलेला असतो.